रोमच्या खळ्यावरचा भात

नारळ माझ्या हातात होता. नारळावर ब्लाउजपीस होता. माईक सरांच्या हातात होता.

"या बाईंना," सर म्हणाले, "एक अक्षर वाचता येत नाही. वळ गावच्या गोदामात रद्दी फोडतात. पण नाक असं, की पुस्तक नुसतं हुंगून सांगतात, सर, हा घ्या तुमचा रोम!"

सभागृह हसलं. भिवंडीतल्या कॉलेजचं सभागृह, खुर्च्या भरलेल्या, मागे उभे राहिलेले लोक. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मग आम्हालाही हुंगून दाखवा की!"

सरांनी टेबलावरचं लाल कापडी बांधणीचं पुस्तक उचललं आणि माझ्यापुढे धरलं. "दाखवा, ताई."

आणि मी हुंगलं.

हे लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. मी हुंगलं. नुसतं हुंगलं नाही. डोळे मिटले, मान मागे टाकली, एक श्वास घेतला, थांबले, मग मान डोलावली. पाड्यावर मी बोहाड्याची, मुखवटे घालून नाचणारी सोंगं बघत वाढलेली बाई. समोर माणसं बसलेली दिसली की माझ्या अंगात नाटक शिरतं. त्या दिवशी त्याच नाटकानं माझा घात केला. टाळ्या पडल्या. मी हसले. खाली उतरले, शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि मांडीवरच्या नारळाकडे बघत राहिले.

मला वाचता येतं. हे सरांना माहीत होतं. त्या सभागृहात हे नीट माहीत असलेला एकच माणूस होता, आणि तो माईक धरून उभा होता.

आता मुळापासून सांगते.

वळच्या गोदामात परदेशातून कंटेनर येतात. तिकडच्या लायब्ऱ्यांनी टाकून दिलेली पुस्तकं, वजनावर घेतलेली. कंटेनर उघडला की आधी वाटणी. गोष्टीची पुस्तकं एकीकडे, डॉक्टरकीची एकीकडे, शाळेची एकीकडे. उरलेला ढीग म्हणजे 'बाकी'. बाकी जाते कागदाच्या कारखान्याला. पण कारखाना पुठ्ठा घेत नाही, कापड घेत नाही, डिंक घेत नाही. म्हणून आम्ही बायका ओळीनं बसतो आणि पुस्तकं सोलतो. पाठीवर गुडघा द्यायचा, पुठ्ठा मागे मोडायचा, एक झटका. पुठ्ठा इकडे, पानं तिकडे. फणसाचे गरे काढावेत तसं काम. झटका जोरात बसला की पुठ्ठ्याबरोबर पहिली दोन-चार पानंही जातात. म्हणजे पुस्तकाचं नाव गेलं, लिहिणाऱ्याचं नाव गेलं. उरतो नुसता मजकूर, बिननावाचा.

मी आठ वर्षं सोलत होते. किती जणांची नावं मी मोडली, देव जाणे.

मग सर आले. रिटायर झालेले प्रोफेसर. पांढरा झब्बा, खांद्याला पिशवी, नाकाला रुमाल, कारण आमच्याकडे धूळ फार. सुपरवायझर त्यांच्या ओळखीचा. त्यानं आम्हाला सांगितलं, "साहब को रोम का किताब मांगता है. दिखे तो बाजू में रखने का."

"रोम कसा दिसतो?" मी विचारलं.

सर हसले. म्हणाले, "लहान असतात, तळहाताएवढी. लाल कापड. तुम्ही लाल दिसलं की बाजूला ठेवा."

मी ठेवलं. पुढच्या शनिवारी सर आले तेव्हा माझा ढीग कमरेएवढा होता. आमच्यात सांगितलेलं काम अर्धं करत नाहीत. त्यात घोड्यांच्या आजाराचं एक पुस्तक होतं, शिलाई मशीनचं एक होतं, केकचं एक होतं. सगळी लालभडक. सर पोट धरून हसले, आणि मीही हसले, कारण हसण्यासारखंच होतं ते. मग त्यांनी ढिगातून एक खरं काढलं, गठ्ठ्यावर बसले आणि उघडून दाखवलं. डाव्या पानावर लॅटिन, उजव्या पानावर इंग्रजी. "दोन भाषा समोरासमोर बसल्यात बघा," ते म्हणाले.

मी उजव्या पानावर बोट ठेवलं आणि वाचलं. आश्रमशाळेतली दहावी. इंग्रजीत काठावर पास. अडखळत, पण ओळ पूर्ण वाचली.

सरांनी रुमाल नाकावरून खाली घेतला. "अहो, तुम्ही वाचता!"

'तुम्ही वाचता' हे त्यांचेच शब्द. पुढे माईकवर उलटं बोलला तो हाच माणूस. साक्षीला माझ्या शेजारी बसणारी शबाना होती.

खोटं बोलणार नाही, ते दिवस गोड होते. सर दर शनिवारी यायचे, आमच्या स्टीलच्या पेल्यातला चहा प्यायचे. चांगल्या पुठ्ठ्याची पुस्तकं पिशवीत घालायचे. सोललेली त्यांना नको असायची. "ही तुम्हाला, ताई." म्हणून माझ्याकडे आली ती सगळी बिननावाची. कुठला रोमन, कधीचा, मला ठाऊक नव्हतं. भिवंडीच्या रद्दीवाल्याकडून मी एक जुना शब्दकोश आणला. त्यातली पहिल्या अक्षराची सगळी पानं गेलेली. त्यामुळे 'ए'पासून सुरू होणारे इंग्रजी शब्द मी अजूनही अंदाजानंच समजते. फोननं पानाचा फोटो काढून मराठी करून बघितलं. फोन म्हणाला, सेनापतीनं आपला पाय शहराला दिला. फोन ठेवून दिला.

सुरुवातीला एक वाक्य समजायला एक आठवडा लागायचा. पण समजलं की अंगावर काटा.

सरांनी मला एक वही आणून दिली. दोनशे पानी, निळा पुठ्ठा. "समजलं ते लिहा. तुमच्या भाषेत लिहा. पुस्तकी नको."

मी लिहिलं. दुपारच्या सुट्टीत लिहायचे आणि बायकांना वाचून दाखवायचे. रोमन लोकांची नाटकं त्यांना फार आवडली. त्या नाटकांत डाव सगळा गुलाम रचतो. मालक म्हातारा, कंजूष, बावळट. मी उभी राहायचे, पदर खोचायचे, आणि म्हातारा, गुलाम, पोरगा सगळे मीच.

"आता ह्यो गुलाम काय सांगतो बघा. शेठ, तुमचा पोरगा देवाला गेलाय. आनी पोरगा कुठं हाय? मागल्या दाराला, पोरीसंगं!"

"अरे दीदी, फिर? बुढ्ढे को मालूम पडा?" शबाना डबा हातात तसाच धरून बसायची.

"न्हाय ना! ह्यो गुलाम त्याला दारातूनच परत धाडतो!"

"ऐसा दिमाग था तो गुलाम कायको बना?"

मी हा प्रश्न वहीत लिहिला. शबानाच्या नावानं लिहिला.

एका पुस्तकात लढाई होती. रोमन फौज डोंगरातल्या लोकांवर चालून येते, आणि डोंगरातला म्होरक्या आपल्या माणसांपुढे उभा राहून बोलतो. काय बोलतो! लुटायला आलेले हे लोक लुटीला कसली चांगली चांगली नावं देतात, ते सांगतो. मी ते तीनदा वाचलं. आमच्या पाड्याच्या वरचं जंगल कुणाकुणाच्या कागदावर कुठलं कुठलं नाव घेऊन गेलं, ते मला आठवलं. मी सरांना म्हटलं, "सर, ह्या माणसाचं अजून काही आहे का?"

सर हसले. "ताई, हा बोललाच नाही. रोमन इतिहासकारानं त्याच्या तोंडी घातलंय. इतिहासकार स्वतः तिथं नव्हताही. पद्धत होती तशी."

मला वाईट वाटलं. इतकं छान बोलणारा माणूस, आणि बोलला दुसराच कुणी. सरांनी समजावून सांगितलं, मी ऐकलं. काय ऐकत होते ते तेव्हा कळलं नाही.

वही भरली. सर म्हणाले, "तपासून आणतो." आणली, समासात लाल टिक होत्या, एका ठिकाणी 'सुंदर' लिहिलं होतं. दुसरी भरली, तीही नेली. तिसरी नेली. मग पहिलीही पुन्हा मागितली. "गोदामात उंदीर आहेत, ताई. माझ्याकडे सुरक्षित राहतील."

मी दिल्या. तिन्ही.

पहिल्या वहीत माझी एक चूक होती. रोमन लोकांचा एक सण होता, वर्षातून एकदा. त्या दिवशी मालक गुलामाला वाढायचा. पुस्तकात होतं, धान्याची कामं उरकली की. आमच्याकडे धान्य म्हणजे भात. भाताशिवाय दुसरं धान्य माझ्या डोक्यात येईना. म्हणून मी लिहिलं, खळ्यावर भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, की रोममध्ये हा सण. पुढे एका शेतीच्या पुस्तकात वाचलं, तिथं गहू, द्राक्षं, ऑलिव्ह. भाताचा पत्ता नाही. मी जीभ चावली. वही परत आली की पहिलं ते खोडायचं, असं ठरवलं. वही परत आली नाही.

आली ती पत्रिका. सरांच्या पुस्तकाचं प्रकाशन. रोमची ओळख, सामान्य वाचकासाठी, सोप्या मराठीत. "ताई, तुमचा सत्कार आहे. नवी साडी नेसून या."

नेसले. अंबाडी नाक्यावरच्या बाजारातून घेतलेली, मोरपंखी.

बाकीचं तुम्ही वर वाचलंत.

तर मी शेवटच्या रांगेत बसले होते. अध्यक्ष उठले. कुठल्यातरी मंडळाचे मोठे गृहस्थ. म्हणाले, "सरांची भाषा बघा. विद्वान माणूस इतकं मातीतलं कसं लिहू शकतो! एकच उतारा वाचतो." चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"खळ्यावर भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, की रोममध्ये..."

मी नारळ खाली ठेवला.

एकेक शब्द माझा. स्वल्पविरामही माझे. पुढे शबानाचा प्रश्नही आला, एवढी अक्कल होती तर तो गुलाम का झाला? शबानाचं नाव गळलेलं. 'सहज मनात प्रश्न येतो' असं झालेलं. कुणाच्या मनात? लोक माना डोलावत होते. इतके शिकलेले लोक, इतक्या खुर्च्या, आणि रोमच्या खळ्यावर भात कुठून आला, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

बाहेर चहा होता. सर माणसांच्या गराड्यात. मी गराड्यात शिरले.

"सर, रोममध्ये भात कुठून आला?"

त्यांनी मला कोपराला धरून बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "अहो, तुमच्याच वहीतलं राहून गेलं ते. माझ्या लक्षात नाही आलं. पुढच्या आवृत्तीत काढू."

बघा, नाकारलं नाही. चोर निदान पळतो. सर पळाले नाहीत, कारण आपण काही उचललंय असं त्यांना वाटतच नव्हतं.

"आणि माझं नाव?"

"ताई, नाव घातलं असतं तर लोकांनी पुस्तक गंभीरपणे घेतलं असतं का? तुमच्या भल्याचंच केलं मी. आणि ती हुंगण्याची गोष्ट लोकांना किती आवडली, बघितलंत ना? कल्याणच्या कार्यक्रमालाही या."

बोलायचं होतं, पण शब्द जागेवर नव्हते. ते सगळे तिकडे टेबलावर, विकायला मांडले होते.

घरी परत जाताना टमटममध्ये बसले. शेजारची म्हातारी म्हणाली, "नारल कसला गं? कुनाचं लगीन व्हतं?" मी म्हटलं, "व्हय मावशे, माझंच." ती हसली. मी अंबाडीपर्यंत बाहेर तोंड करून बसले.

सोमवारी कामावर गेले. सोलायला बसले. पहिलंच पुस्तक हातात घेतलं, पाठीवर गुडघा दिला, आणि माझ्याच्यानं झटका मारवेना. माझ्या वहीचं काय झालं होतं ते मला तेव्हा नीट दिसलं. पुठ्ठा मागे मोडला, पहिलं पान गेलं, नाव गेलं. सफाईनं केलं होतं. सर माझ्याकडूनच शिकले असतील.

त्या आठवड्यात मी एका सोललेल्या पुस्तकातलं प्रकरण वाचत होते. रोमन घरांत पुस्तकं कशी लिहिली जायची, त्याबद्दलचं. मालक पडून सांगायचा, गुलाम लिहायचा. मालक जेवायचा, गुलाम वाचून दाखवायचा. मालकाला आठवलं नाही की गुलाम शोधून आणायचा. नकला गुलाम करायचे, चुका गुलाम काढायचे. हजारो पानं त्यांच्या हातची. नाव मालकाचं. मी शब्दकोश उघडलाही नाही. सगळं समजलं. दोन हजार वर्षांपूर्वीची ती गोष्ट, आणि त्यातला एकही शब्द अडला नाही.

मग मला ती नाटकंही समजली, ज्यांवर आम्ही दुपारी डबे बाजूला ठेवून हसायचो. डाव सगळा गुलामाचा. शेवटी म्हातारा हसून त्याला माफ करतो, आणि लोक टाळ्या वाजवतात. माफ करतो! कशाबद्दल? आम्ही हसायचो तेव्हा मला वाटायचं, आपण गुलामाच्या बाजूनं हसतोय. ती नाटकं बघायला बसलेले मालक कुणाच्या बाजूनं हसत होते? तिसऱ्या रांगेतून ओरडलेला माणूस कुणाच्या बाजूनं हसला?

डोंगरातला म्होरक्याही आठवला. त्याला निदान तोंड तरी ठेवलं होतं. मला नुसतं नाक ठेवलं.

शनिवारी सर आले. नेहमीसारखे. पेढे घेऊन. बायकांना वाटले. मग माझ्या समोरच्या गठ्ठ्यावर बसले.

"ताई, चौथी वही झाली असेल. शेतीचं प्रकरण. प्रकाशक दुसरा भाग मागतोय."

चौथी वही झाली होती. त्यात तो जुना रोमन जमीनदार होता, जो म्हातारा बैल आणि म्हातारा गुलाम एकाच ओळीत विकायला काढायला सांगतो. ते मी फार जीव लावून लिहिलं होतं. वही माझ्या पिशवीत होती, पाठीमागे.

"आहे," मी म्हटलं. "देणार नाही."

सरांना वाटलं मी रुसलेय. "बरं, या वेळी आभारात तुमचा उल्लेख करतो. 'गोदामातील एक स्नेही' असं."

"माझं नाव विसरलात?"

"तसं नाही..."

"मग सांगा."

ते थांबले. खरंच थांबले. दोन वर्षं 'ताई, ताई' करत होते. त्यांना माझं नाव माहीत नव्हतं. वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलेलं, तिन्ही वह्यांच्या, आणि त्यांना माहीत नव्हतं. सोलणी थांबली. बायका बघायला लागल्या. पेढ्याचा कागद शबानाच्या हातात तसाच.

"सर," मी उभी राहिले. पदर खोचला. हो, नाटकच. पण या वेळी माझं. "माझ्या तीन वह्या पुढच्या शनिवारी आणून द्या. हे पहिलं. दुसरं, मला वाचता येतं हे जिथं नाही म्हणालात, तिथं जाऊन हो म्हणा. माईकवर."

"तुम्ही विसरताय, तुम्हाला रोम कुणी दाखवला."

"तुम्ही लाल रंग दाखवला, सर. रोम मी वाचला."

ते उठले. झब्ब्यावरची धूळ झटकली. जाताना सुपरवायझरशी दारात बराच वेळ बोलले. सुपरवायझर माझ्याकडे आला. माणूस वाईट नाही, पण नोकरी त्यालाही हवी. म्हणाला, "कल से तू बाकी पे नहीं बैठेगी. लोडिंग में जा. और किताब घर ले जाना बंद. साहब बोले, माल गायब होता है."

माल गायब होतो. मी मोठ्यानं हसले. हसू आवरेना. शबानानं माझा हात धरला तेव्हा कळलं, की हसत नव्हते.

पुढचा शनिवार गेला. त्याच्या पुढचाही. वह्या आल्या नाहीत, सरही आले नाहीत. मी आता ट्रकमध्ये खोकी चढवते. सील केलेली. आत काय आहे ते दिसत नाही. रोमही असेल.

शबाना मधे म्हणाली, "छोड दे ना दीदी. बडे लोग हैं. जो गया सो गया."

मी नाही सोडणार.

कल्याणच्या कार्यक्रमाची तारीख मला माहीत आहे. कुणाची परवानगी मी घेतलेली नाही, आणि त्या दिवसाचा खाडा होईल, होऊ दे. सत्काराच्या यादीत नसले तरी पहिल्या रांगेत बसणार आहे. चौथी वही घेऊन जाणार आहे, आणि पहिल्या तीन मला पाठ आहेत, कारण एकेक वाक्य मी घासून घासून लिहिलंय. सरांनी माईक हातात घेतला की मी उठेन. त्यांनी त्यांच्या पुस्तकाचं कुठलंही पान उघडावं, पहिला शब्द सांगावा. पुढचं मी म्हणेन. मग मी पहिला शब्द सांगेन, पुढचं त्यांनी म्हणावं. त्यांना नाही येणार. लोक हसतील, चिडतील, मला बाहेर काढतील. काढू देत. दारापर्यंत नेईपर्यंत मी थांबणार नाही. जिन्यातही म्हणेन, रस्त्यावरही म्हणेन.

आणि दर परिच्छेदाच्या शेवटी माझं नाव सांगेन. मोठ्यानं, आडनावासकट. शबानाचंही.